मारका



परवा रात्री आमच्या शिवारात चांगला पाऊस झाला. काळी जमीन आहे, पाय टाकला की चप्पल जागेवर राहते आणि पाय पुढं जातो. दोन-तीन दिवस तरी वापसा यायचा नाही. म्हणजे कोळपणी बंद, फवारणी बंद आणि मी घरात. पावसात घरी बसलेला शेतकरी म्हणजे घरच्यांच्या डोक्याला ताप, म्हणून म्हटलं काहीतरी लिहावं. आज कपाशीवर नाही, मोसंबीवरही नाही. एका शब्दावर लिहितोय. शब्द आपल्या गोठ्यातलाच आहे.

झालं असं, की पंधरा दिवसांपूर्वी रात्री जेवायला बसलो होतो. पोरगी संभाजीनगरला कॉलेजला आहे, रोज चितेगावहून पैठण रोडनं जाऊन-येऊन करते. ती वर्गातल्या कुणा मुलाचं सांगत होती. "लई अग्रेसिव्ह आहे आजी तो. काही विचारलं की अंगावरच येतो."

माय म्हणाली, "मारका म्हण की मग. एवढं लांब नाव कशाला?"

पोरगी हसली. "मारका म्हणजे मारणारा ना? तो मारत नाही कुणाला."

माय ताटातली भाकरी मोडत होती. वर न बघता म्हणाली, "मारावंच लागतं असं कुठंय? तुझा बाप कव्हा मारतो कुणाला? पण झालाय ना मारका."

बायकोनं पटकन आमटी वाढली. पोरगी माझ्याकडं बघायला लागली. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर मायचं म्हणणं जागेवरच खरं झालं असतं.

तेव्हापासून हा शब्द डोक्यातून जाईना.

मारका शब्द जनावराचा. मारका बैल, मारकी म्हैस, मारकी गाय. शिंग लावणारं, लाथ झाडणारं, दावं तोडून अंगावर येणारं जनावर. माणसाला हा शब्द लावताना आपण मारण्याचं फार मनावर घेत नाही, माय म्हणाली तसं. हात उचलणाऱ्या माणसाला आपल्याकडं वेगळा शब्द आहे, मारकुटा. मारकुटा मास्तर, मारकुटा नवरा. मारकुट्याला समोर कुणीतरी आयतं बांधलेलं लागतं, शाळेतलं पोरगं नाहीतर घरातली बायको. असा माणूस चावडीवर अगदी मऊ बोलतो, तुम्ही पण बघितले असतील. मारका तसा नसतो. तो उघड्यावर असतो, सगळ्या गावाला माहीत असतो आणि त्यानं वर्षभरात एकदाही शिंग लावलं नसलं तरी तो मारकाच असतो.

गोठ्यात मारकं जनावर कोणतं, हे ओळखायला जनावराकडं बघायची गरजच नाही. माणसं कुठून चालतात ते बघा. चार जनावरं दावणीला असली की त्यांच्या मागून एक पायवाट पडते, शेणात, चिखलात. ती सरळ येते आणि एका खुंट्यापाशी वाकडी होऊन लांबून जाते. तो खुंटा मारक्याचा.

माणसाचंही तेच. कचेरीत काम असलं की आपण आधी शिपायाला विचारतो, "साहेब कसाय?" तो हळूच सांगतो, "मारकाय. आत्ता जाऊ नका, जेवल्यावर जा." यात साहेब कुणाला मारतो असं शिपाई म्हणत नाही. वळसा घाला, एवढंच सांगतो. पैठण रोडला कंपनी सुटायच्या टायमाला गाडीला गाडी घासली की एकजण उतरतो आणि दुसऱ्याच्या काचेवर थाप मारतो. चहावाला लगेच म्हणतो, "मारक्या म्हशीवानी काय बघतो रे, जा की पुढं." सून तोंडाला तोंड देत असली तर ती मारकी. दुकानदार उधारी मागताना चारचौघात ओरडला तर तो मारका. एक शब्द किती जणांना पुरतो बघा.

तसे भांडखोरांसाठी शब्द कमी नाहीत आपल्याकडं. आडदांड आहे, दांडगा आहे, मुजोर आहे, तापट आहे, भांडकुदळ आहे. पण बारीक फरक आहे. तापट माणूस उकळतो आणि निवतो, घरच्यांना त्याचं वेळापत्रक पाठ असतं. भांडकुदळाला भांडणाची आवड असते, तो भांडण उकरून काढतो. आडदांडाला आपल्या अंगाचा अंदाज नसतो, बरेचदा मनात काही नसतंच.

आणि माज. या शब्दावर तर आपण जनावरांवर अन्यायच केलाय. गाय माजावर येते म्हणजे काय होतं? हंबरते, वैरण सोडते, दुसऱ्या गाईच्या अंगावर चढते. बारा-अठरा तासांचा खेळ, की झालं. गाभण राहिली नाही तर एकवीस दिवसांनी परत. डॉक्टरला फोन लावायची वेळ चुकू नये म्हणून आपण त्या माजाची वाट बघत बसतो. त्यात गर्व कुठून आला? पण माणसाला पैसा झाला, प्लॉट विकला, गाडी आली, की "माज आलाय". माणसाचा माज एकवीस दिवसांनी येऊन अठरा तासांत जात असता तर आर. आर. पाटलांना २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम काढावी लागली नसती.

आता पेपरातला शब्द घ्या, आक्रमक. "शेतकरी आक्रमक", "कर्मचारी आक्रमक", अमुक नेत्यानं आक्रमक पवित्रा घेतला. इथं तो शब्द शाबासकीसारखा येतो. क्रिकेटमध्ये आक्रमक फलंदाज, कंपनीत आक्रमक विक्री. "शेतकरी मारका झाला" असं कुणी छापत नाही. आक्रमक माणूस तीन तासांनी निवेदन देऊन घरी जातो आणि चहा पितो. मारक्याला घरी जायची सोय नाही, कारण तो शब्द घरचेच लावतात.

आता खरी गोष्ट. मारक्याच्या उलटा शब्द कोणता?

जनावरांच्या बाजारात गेला असाल तर माहीत असेल. विकणारा गाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणतो, "अगदी गरीब आहे. लेकरू धारंला बसलं तरी पाय हलवायची नाही." गरीब. शांत नाही म्हणत, गुणी पण नाही म्हणत. घेणारा पण तसंच विचारतो, "मारका नाही ना? बसका नाही ना? गरीब आहे ना?" मग उपरण्याखाली बोटं धरून भाव ठरतो. आपल्या भाषेत जे शिंग मारत नाही ते गरीब, आणि ज्याच्या घरात दाणे नाहीत ते पण गरीब. गरीब गाय म्हटलं की दोन्ही आलं. मला वाटतं, माणसं मारकी का होतात त्याचं निम्मं उत्तर या शब्दात आहे. दुसरं नाव गरीब असल्यावर कोण सुखासुखी ते नाव घेईल?

हे पुढं सांगतोच. आधी आमच्या बैलाचं.

मी नववीत होतो. आमच्याकडं एक खिल्लारी जोडी होती. त्यातला डावा बैल सात-आठ वर्षांचा, उंच, पांढरा, शिंगं मागं वळलेली. खिल्लार मुळात तापट जात, पण हा सोशीक होता. मी त्याच्या पोटाखालून इकडून तिकडं जायचो. पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावताना, पितळी शेंब्या बसवताना मान खाली धरून उभा राहायचा. एका उन्हाळ्यात तो बिघडला. आधी मान झटकायला लागला. जू ठेवलं की डोकं झाडायचा, म्होरकी घालू देईना. आबांना वाटलं कामाचा कंटाळा करतोय. दोन पराण्या जास्त बसल्या. मग एक दिवस सालगडी वैरण टाकताना वाकला आणि बैलानं त्याला बरगडीत घेतलं. फार लागलं नाही, पण माणूस आठ दिवस झोपून होता.

झालं. बैल मारका. त्याला दावणीवरून काढून लांब लिंबाला बांधलं. गळ्यात लाकडाचं लोढणं अडकवलं, म्हणजे पळायला लागला की गुडघ्यावर बसतं. वैरण लांबून फेकायची, पाणी बादली सरकवून द्यायचं. पोरं दगड मारायची आणि त्यानं मान उचलली की "मारका मारका" करत पळायची. मी पण मारलेत. लिहायला लाज वाटते पण मारलेत.

महिनाभरानं एका नाकपुडीतून रक्ताळलेला शेंबूड यायला लागला. शिंगाच्या बुडाशी वास. शिंग एका बाजूला कललं. मग कुठं सरकारी दवाखान्यातले डॉक्टर आणले. त्यांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "शिंगाचा कॅन्सर आहे. याला डोक्यात ठणका लागलाय कधीपासून, आणि तुम्ही त्याच्याच मानेवर जू ठेवताय."

बैलाच्या शिंगाला आत पोकळी असते आणि ती कपाळाच्या पोकळीला जोडलेली असते. आतून सडायला लागतं तेव्हा बाहेरून काही दिसत नाही. बैल फक्त मान झाडतो. आपल्या देशी बैलांत हा रोग बराच आढळतो, कामाच्या वयातच, पाच ते दहा वर्षांच्या बैलांना. कुणाचा बैल अचानक मान झटकायला लागला, एका बाजूला डोकं कलतं करायला लागला, तर पराणी उचलायच्या आधी शिंगाचं बूड दाबून बघा. गरम लागलं, त्यानं दाबू दिलं नाही, तर डॉक्टरला बोलवा. शब्दावर लिहिता लिहिता एवढं एक तरी कामाचं सांगून टाकतो.

भूल देऊन शिंग बुडापासून कापलं. जखम भरायला महिना-दीड महिना गेला. बैल परत पहिल्यासारखा झाला. मी परत पोटाखालून गेलो, आधी एक पाय घालून बघितला, मग गेलो. त्या पोळ्याला खांदेमळणीच्या दिवशी आबा त्याच्या मानेला तूप-हळद लावत किती वेळ बसले होते. तूप वितळून हातावरून कोपरापर्यंत आलं तरी चोळतच होते. बोलले काही नाहीत.

पण गंमत बघा. रोग गेला, शिंग गेलं, बैल गोगलगाय झाला, तरी गावात त्याचं नाव "एकशिंगी मारका"च राहिलं. पुढं दोन वर्षांनी त्याच जागी परत सडलं आणि तो गेला, तेव्हाही शेजारी म्हणाले, "मारका गेला का?"

जनावर मारकं जन्मत नाही, असं मी आता छातीठोक सांगतो. गोऱ्हा लहान असताना पोरं त्याच्या कपाळाला हात लावून ढकलाढकली खेळतात, तो पण ढकलतो, सगळे हसतात. तोच खेळ तीनशे-चारशे किलोचा झाल्यावर आपण त्याला मारका म्हणतो. गाईम्हशींचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, आजूबाजूचं बरंच दिसतं पण बरोबर पाठीमागचं दिसत नाही. तिथून गुपचूप गेलात तर लाथ बसणारच, तिला काय माहीत तुम्ही मालक आहात. नुकती व्यालेली म्हैस वासरापाशी येऊ देत नाही. एकटं बांधून वाढवलेलं खोंड कळपातल्यापेक्षा बेकार निघतं. प्रत्येकाला कारण असतं. फक्त ते सांगायला त्याच्याकडं शिंगाशिवाय काही नसतं.

आता बैलच कमी झाले म्हणा. आमच्या गल्लीत एक जोडी नाही. २०१२ च्या पशुगणनेत देशात बैल, वळू, गोऱ्हे धरून पावणेसात कोटींच्या वर होते, २०१९ ला पावणेपाच कोटींच्या आसपास आले. माझ्या पोरीनं मारका बैल कधी बघितलाच नाही. तिनं बघितलाय तो बाप.

आमच्या घरात हे नाव आधी पण एकीला मिळालेलं आहे. आजीला. आजोबा लवकर गेले. १९७२ च्या दुष्काळात आजीनं खडी फोडली, सुकडी आणून लेकरं जगवली. दुष्काळ सरला आणि पाऊस झाल्यावर बघते तर शेजाऱ्यानं दोन तासं आत नांगरलेली. बाईमाणूस, काय करणार. आजी म्हणे पेरणीच्या दिवशी बांधावर जाऊन आडवी झोपली. तिफण आली तरी उठली नाही. वरून शिव्या अशा, की औत धरणाऱ्यानं बैल सोडून दिले. तेव्हापासून ती गावाची मारकी. बायका तिच्या आडून पाणी भरायच्या नाहीत. लेकरांना भीती घालायची तर तिचं नाव घ्यायचे. पण ती जिवंत असेपर्यंत आमचा बांध कुणी कोरला नाही.

आबा तिचा मुलगा, पण स्वभावानं उलटे. गावात त्यांना सगळे "गरीब माणूस" म्हणायचे. अगदी आदरानं. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानं पंचवीस-तीस वर्षांत दर मृगाला वीतभर वीतभर करत बांध एवढा खाली आणला, की त्यावरची बोर आज त्याच्या शेताच्या मधोमध उभी आहे. आबा म्हणायचे, "जाऊ दे, जमीन काय कुणी वर घेऊन जातं का." ते मयतीत सांगायला बरं वाक्य आहे. मी तेव्हाच ठरवलेलं, आपण गरीब व्हायचं नाही.

आता यंदाच्या मृगाची गोष्ट. खालच्या अंगाला चुलतभावाचं रान आहे, माझ्यापेक्षा सात वर्षांनी थोरला, मी त्याला भाऊ म्हणतो. मधला बांध ४२० फूट लांब. मी सकाळी मोटार बघायला गेलो तर त्याच्या रानात भाड्याचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर लावलेला, आणि पोरगं बांधाच्या कडेनं अडीच फूट आत घुसलेलं. मऊ माती उडत होती. मी बांधावरूनच ओरडलो. त्याला आवाजात ऐकू गेलं नाही. मी पळत गेलो, चालत्या ट्रॅक्टरला आडवा झालो, वर चढून चावी काढली. पोरगं विशीचं, घाबरून म्हणालं, "काका, मला काय माहीत, मला जेवढं सांगितलं…" मी त्याचं पुढचं ऐकलं नाही. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

भाऊ आला. "चावी दे." "आधी माती मागं टाक." "बांध कुणाच्या बापाचा?" "तुझ्या नाही." सख्ख्या भावांची लेकरं आम्ही, बाप कसले काढतो, पण तेव्हा कळत नाही. हमरीतुमरी वाढत गेली. आणि माझ्या हातात फावडं होतं. पाणी धरायला आणलेलं. ते मी उगारलं.

मारलं नाही. पण उगारलं. डोक्याच्या वर गेलेलं माझं मलाच आठवतंय.

भाऊच्या मागं त्याचा धाकटा पोरगा उभा होता. चौथीतला. बापासाठी डबा घेऊन आलेला. तो ओरडला नाही, रडला नाही. दोन पावलं मागं सरला, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून. मी ते बघितलं आणि फावडं खाली आलं.

नंतर घरी हिशेब केला. ४२० गुणिले अडीच, १०५० चौरस फूट. गुंठ्याला १०८९ लागतात. म्हणजे एक गुंठा पण नाही, ३९ फूट कमीच. आता कुणी म्हणेल एवढ्यासाठी? पण आमच्या भागात जमिनीचा विषय नाजूक आहे. बिडकीनला औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, रोडच्या कडेला प्लॉटिंग झालं, आमच्या चितेगावात कंपन्या आल्या तेव्हाच माती गुंठ्यावर मोजायची सवय लागली. कपाशी एकरावर पिकते, भांडण गुंठ्यावर होतं. आणि मी तर गुंठ्यासाठी भांडत पण नव्हतो. माझ्या डोळ्यासमोर ती वरच्या शेतातली बोर होती.

त्या दिवसानंतर भाऊनं आणि मी बोलणं बंद केलं, ते अपेक्षितच होतं. पण दुसरी एक गोष्ट मला आठ दिवसांनी लक्षात आली. तो पोरगा सकाळी आमच्या बांधावरून रोडला यायचा, शाळेची गाडी धरायला. पाच मिनिटांचा रस्ता. जाताना "काका" म्हणून हाक मारायचा, मोसंबी असली तर मी एखादी द्यायचो. तो दिसेना. मला वाटलं आजारी असेल. मग एकदा बघितलं, तो खालून, नाल्याच्या कडेनं, बाभळींमधून वळसा घालून चालला होता. दप्तर मोठं, पोरगं बारीक. मी मोटारीपाशी उभा होतो. त्यानं मान वळवून मी कुठं उभा आहे ते बघून घेतलं आणि आणखी थोडं लांबून गेला.

शेणातली वाकडी पायवाट म्हटलं ना मघाशी. ती ही.

माय जेवताना म्हणाली ते त्यानंतरचं. म्हणजे तिला पण दिसलं होतं.

मी बैलासारखं स्वतःचं शिंग दाबून बघितलं. कुठं ठणका आहे का. बियाणं उधारीवर होतं, पण ते दरवर्षीच असतं. कर्ज आहे, ते पण सगळ्यांना आहे. झोप झाली होती, पोट भरलेलं होतं. डॉक्टरांना दाखवावं असं काही सापडलं नाही. सापडली ती एवढीच, भीती. आबांसारखं गरीब म्हणतील याची. आजी बांधावर आडवी झोपली तेव्हा तिच्यापाशी दुसरं काहीच नव्हतं. माझ्यापाशी सातबारा होता, नकाशा होता, मोजणीचा अर्ज करता येत होता, आणि समोर परका नव्हता, भाऊ होता. आजीचं नाव मी फुकटच लावून घेतलं.

मोजणीचा अर्ज मी केला. भाऊला बायकोकडून निरोप पाठवला, की येताना उभा राहा, तुझ्यासमोर होऊ दे. सरकारनं २०२३ साली सलोखा योजना आणली आहे, त्याची पण चौकशी केली. ज्यांचे ताबे एकमेकांच्या गटात बारा वर्षांपासून आहेत, त्यांना आपसात दस्त करून अदलाबदल करता येते, मुद्रांक हजार रुपये आणि नोंदणी हजार रुपये. एकत्रीकरणाच्या वेळी ज्यांच्या जमिनी अशा उलटसुलट झाल्या त्यांना ती फार चांगली आहे, कुणाचं असं प्रकरण असेल तर तलाठ्याला विचारा. आमचं त्यात बसणारं नव्हतं, आमचा सगळा खेळ अडीच फुटांचा.

मोजणी झाली. निकाल ऐकून तुम्ही हसाल. वरच्या टोकाला बांध माझ्या हद्दीत दीड फूट सरकलेला आणि खालच्या टोकाला त्याच्या हद्दीत जवळपास तेवढाच. म्हणजे कधीतरी, बहुतेक आमच्या आजोबांच्या वेळेला, कुणीतरी बांध डोळ्याच्या अंदाजानं घातला आणि तो जरा तिरपा बसला. एवढंच. भाऊ खुणेच्या दगडाकडं बघत उभा राहिला. मी पण. मोजणीवाले निघून गेले. आम्ही दोघं बांधाच्या दोन बाजूंना. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मग फावडं कुठंय तुझं?" मी म्हटलं, "घरी." तो म्हणाला, "बरंय." आणि गेला. तो हसला का नाही, मला पाठीमागून दिसलं नाही.

तिरपा बांध आम्ही तसाच ठेवलाय. सरळ करायचा तर मधला लिंब तोडावा लागतो.

पोरगा मात्र नाल्यानंच जात होता. त्याला मोजणीशी काय घेणं. मी बायकोला म्हटलं, त्याला बोलवून समजावून सांगू का. ती म्हणाली, "नका. तुम्ही सकाळी त्या टायमाला मोटारीपाशी उभे राहू नका, बास." मी आठ-दहा दिवस उशिरा जायला लागलो.

आज सकाळी मोटार बघायला जावंच लागलं, परवाच्या पावसानं खड्ड्यात पाणी आलंय का म्हणून. नाला दोन्ही थड्या भरून चालला होता, गढूळ, तिथून जायची सोय नव्हती. मी पाईपपाशी वाकलो होतो आणि बांधावर चिखलात पायांचा आवाज आला. बघितलं तर तो. दप्तराला प्लास्टिकची गोणी गुंडाळलेली. मला बघून थांबला. मी उठलो नाही. जनावर बुजलं की आपण खाली बसतो ना, तसा बसूनच राहिलो आणि पाईपच्या जोडाशी खुडबुड करत राहिलो. तो बांधाच्या पलीकडच्या कडेनं, त्यांच्या बाजूनं, हळूहळू पुढं आला. माझ्यापासून दहा-बारा फुटांवर आला तेव्हा चाल वाढवली. पुढं गेला. लिंबाच्या तिथं पोचल्यावर वळून मोठ्यानं म्हणाला,

"काका, पप्पा म्हणले तुमचा स्टार्टर बघा. राती लाईट सारखी येत-जात होती."

आणि पळाला रोडकडं.

बघितला. एका फेजची वायर काळी पडली होती. आता ती बदलायला जातोय, पाऊस थांबलाय. वापसा आला की कपाशीवरच्या तुडतुड्यांचं लिहितो, बऱ्याच जणांनी विचारलंय.